वाळवण: धाब्यावरचे ऊन की घरातला ओव्हन?

वाळवणासाठी ओव्हन घ्यावा का, या प्रश्नाचे मुंबईतले उत्तर जळगाव-धुळ्याला लागू पडत नाही. चैत्र-वैशाखात भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो आणि हवाही कोरडी असते. वाळवणाला हवी असते ती बेताची उष्णता, कोरडी हवा आणि वाहता वारा. ओव्हनमध्ये उष्णता हवी तेवढी मिळते, मात्र वाफ बाहेर पडायला वाट नसल्याने दार बोटभर उघडे ठेवावे लागते, आणि त्या फटीतून विजेचा पैसाही बाहेर जातो.

रावेर-यावलच्या पिकल्या केळ्यांचेच पाहा. अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप लिंबाच्या पाण्यात बुडवून, पातळ कापडाखाली उन्हात ठेवले आणि रात्री घरात घेतले, तर दोन-तीन दिवसांत ते चिवट होतात. ओव्हनमध्ये ६० अंशांवर हेच काम सहा ते दहा तासांत होते. किलोभर सोललेल्या केळ्यांतून हाती येतात जेमतेम ३०० ग्रॅम काप. १५०० वॅटचा ओव्हन आठ तास लावला आणि त्यातला निम्मा वेळ त्याची कॉइल तापली, असे धरले तरी सहा युनिट वीज खर्ची पडते. उन्हाळ्यात हा सौदा मला पटत नाही. मिरचीचा तर विचारही करू नये: नंदुरबारला जिच्या पथारी पडतात, ती वर्षाची बेगमी दोन ट्रेमध्ये कशी मावणार? शिवाय घरभर ठसका उठेल तो वेगळाच.

आषाढ-श्रावणात मात्र पारडे फिरते. ढगाळ, दमट हवेत टोमॅटो वाळण्याआधी बुरशी धरतो. ओव्हनमध्ये अर्धे चिरलेले टोमॅटो ६० ते ६५ अंशांवर आठ-बारा तासांत वाळतात, जरी किलोमागे ७० ग्रॅमच्या आतच माल उरत असला तरी. वैशाखात अवकाळी पाऊस आला आणि गवारीच्या अर्धवट वाळलेल्या शेंगा घरात घ्याव्या लागल्या, तर त्या वाया जाऊ न देता पुऱ्या वाळवायलाही ओव्हन उपयोगी पडतो.

मेथी, पुदिना आणि कढीपत्ता यांना दोन्हींची गरज नाही. कडक उन्हात पानांचा हिरवा रंग उडतो आणि ओव्हनच्या उष्णतेने सुगंध. स्वयंपाकघरात जो दरवळ सुटतो तो बरणीतून वजा झालेलाच असतो. पाने सावलीत, पंख्याखाली पसरावीत.

तरीही ओव्हन घ्यायचाच असेल, तर तो किती लिटरचा आहे यापेक्षा त्याचे बटण किती अंशांपासून सुरू होते, हे आधी पाहावे. अनेक ओव्हन १०० अंशांच्या खाली येतच नाहीत. त्या उष्णतेत फोडी वरून कडक होतात, आत मात्र ओल्या राहतात आणि काही दिवसांनी बरणीतच बुरसतात. आकड्यावरही फार भरवसा ठेवू नये. बटण सर्वांत खालच्या आकड्यावर लावून, ओव्हनसाठीचा थर्मामीटर रिकाम्या ट्रेवर ठेवून, दार बोटभर उघडे ठेवून अर्धा तास पाहावे. काटा ७०च्या वर जात असेल, तर तो ओव्हन वाळवणाच्या कामाचा नाही.