अस्सल, बूटलेग की होमब्रू: नागपुरात जुन्या कॅसेटी जमवणाऱ्यासाठी

जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी जमवायला लागायचे आहे, तर पैसे नेमके कशावर घालावेत, असे गेल्या वर्षभरात मला तिघांनी विचारले. तिघेही नागपूरचे आणि चाळिशीच्या आसपासचे असून, उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरसमोर बसून कॉन्ट्रा खेळल्याची आठवण तिघांनाही आहे. त्यांना तोंडी जे सांगितले तेच येथे सविस्तर मांडतो. मात्र तिघांनाही मी एकच उत्तर दिले नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे.

निवड तीन प्रकारांत करायची असते. मूळ कंपनीने किंवा तिच्या परवानगीने काढलेली ती अस्सल कॅसेट. परवानगीवाचून नक्कल करून विकलेली ती बूटलेग. आणि बंद पडलेल्या कन्सोलसाठी, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रासाठी, आजच्या काळात हौशी मंडळींनी किंवा छोट्या गटांनी नव्याने लिहिलेला गेम तो होमब्रू. व्याख्या सोप्या असल्या तरी आपल्याकडे घोळ पहिल्या दोहोंतच होतो, कारण नव्वदच्या दशकात आपल्या बहुतेकांच्या घरी ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे यंत्र होते ते जपानच्या निन्टेंडो कंपनीचे नव्हतेच. निन्टेंडोचा फॅमिकॉम हा कन्सोल १५ जुलै १९८३ रोजी जपानात आला आणि त्याचे तैवानी, चिनी बनावटीचे क्लोन, म्हणजे नकली यंत्रे, निरनिराळ्या नावांनी आपल्या बाजारात पोहोचले. परदेशी इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर तेव्हा जबर आयात शुल्क होते. १९९५ साली शॉ वॉलेस कंपनीमार्फत सेगाचा मेगा ड्राइव्ह हा कन्सोल अधिकृतपणे भारतात आला, तोही १८,००० रुपयांना. एवढी रक्कम खेळण्यावर घालणारे घर आमच्या गल्लीत तरी नव्हते. म्हणून ‘लहानपणीची अस्सल कॅसेट हवी’ असे कोणी म्हणाले, की मी आधी विचारतो, लहानपणी तुमच्याकडे अस्सल होती कुठे?

तरीही अस्सल कॅसेटीची ओढ मला समजते. मुख्य म्हणजे तिच्यात गेम पूर्ण असतो. कॉन्ट्राचेच पाहा. १९८८ च्या जपानी फॅमिकॉम आवृत्तीत कोनामी या मूळ कंपनीने स्वतःची वेगळी चिप वापरली होती, त्यामुळे जंगलातली झाडे हलतात, बर्फाच्या टप्प्यात खरोखर बर्फ पडतो, आणि दोन टप्प्यांच्या मध्ये नकाशा व छोटी चित्रदृश्ये येतात. मी लहानपणी खेळलेल्या कॅसेटीत यांतले काहीही नव्हते आणि ते नाही हेही मला तिशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हते. पहिल्यांदा तो बर्फ पडताना पाहिला तेव्हा आनंद झाला, आणि थोडी फसवणूक झाल्यासारखेही वाटले.

पण अस्सल कॅसेट नागपुरात आणून चालवणे हे वेगळेच प्रकरण आहे. जपानी फॅमिकॉमचा अडॅप्टर १०० व्होल्टसाठी बनवलेला आहे. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचला की जळालाच म्हणून समजा. १० व्होल्ट, ८५० मिलिअँपिअरचा आणि आतली पिन ऋण असलेला अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, आणि पिनेची दिशा न तपासता घरातला कोणताही अडॅप्टर लावणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. शिवाय जुन्या फॅमिकॉममधून चित्र केवळ अँटेनाच्या वाटेने बाहेर पडते, तेही जपानी चॅनेलवर आणि तिकडच्या एनटीएससी या प्रक्षेपण-पद्धतीने, त्यामुळे पाल ही वेगळी पद्धत वापरणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या टीव्हीवर ते धड लागत नाही. १९९३ मध्ये आलेल्या सुधारित फॅमिकॉमला साधे एव्ही आउटपुट आहे. अस्सलच घ्यायचे असेल तर कन्सोल हाच घ्यावा, थोडे जास्त पैसे पडले तरी. एनईएसच्या, म्हणजे फॅमिकॉमच्याच अमेरिकन रूपाच्या, वाटेला जाणाऱ्याने हेही लक्षात ठेवावे, की तिची कॅसेट ७२ पिनांची आणि फॅमिकॉमची ६० पिनांची असते, आणि आपल्याकडचे क्लोन जवळजवळ सगळे ६० पिनांचे आहेत. मध्ये बसवायचे कन्व्हर्टर मिळतात, पण ते घट्ट बसतीलच अशी खात्री नसते.

जुन्या बूटलेगविषयी मात्र माझे मत बहुतेक संग्राहकांपेक्षा वेगळे आहे. एका कबाड्याकडून मी पिवळ्या कवचाची एक कॅसेट घेतली होती. तिच्यावरच्या चित्रात असलेला एकही गेम आत नव्हता. कवच उघडले तर आत बोटभर रुंदीची हिरवी पट्टी आणि तिच्यावर डांबरासारखा काळा, गोल, टणक थेंब. चिपला स्वतंत्र वेष्टन देण्याचा खर्च वाचवण्यासाठी ती थेट पट्टीवर चिकटवून वर इपॉक्सीचा थेंब टाकलेला असतो. मेनू उघडला की आकडा लाखांत, प्रत्यक्षात गेम पाच-सहा. तेच गेम निरनिराळ्या टप्प्यांपासून किंवा जास्तीच्या जिवांनिशी सुरू होणारे. कॉन्ट्राचे तीस जीव मिळवण्यासाठी इतर देशांतल्या मुलांनी बटणांचा तो प्रसिद्ध क्रम पाठ केला. आपण मेनूतली एक ओळ निवडत होतो.

त्याहून मौजेची गोष्ट आवाजाची आहे. पाल टीव्हीसाठी बनलेले हे क्लोन सेकंदाला ६० ऐवजी ५० चित्रे दाखवतात, म्हणून गेम आणि त्याची धून मूळच्यापेक्षा साधारण सहाव्या हिश्शाने मंद चालते. सूर मात्र जवळजवळ तोच राहतो, कारण प्रोसेसरचा वेग फारसा बदललेला नसतो. शिवाय कित्येक क्लोनच्या चिपमध्ये आवाज घडवणाऱ्या चौकोनी लहरींच्या दोन रूपांची, २५ टक्के आणि ५० टक्के (लहर किती वेळ वर राहते त्याचे प्रमाण) यांची, अदलाबदल झालेली आहे. त्यामुळे मूळ संगीतात जो आवाज धारदार आणि नाकातला आहे तो आपल्याकडे पोकळ ऐकू येत असे, आणि पोकळ तो धारदार. अस्सल यंत्रावर ओळखीची धून ऐकून ‘काहीतरी चुकतंय’ असे वाटते ते यामुळे. चूक त्या यंत्राची नाही, आपल्या कानांना सवयच दुसऱ्याची आहे. तीच धून हवी असेल, तर हजारो रुपये देऊनही अस्सल कन्सोल ती देणार नाही. कबाड्याकडचा क्लोन देईल.

काही बूटलेग तर नक्कलही नव्हत्या. तैवानच्या हमर टीमचा १९९४ चा सोमारी घ्या: सेगाच्या सॉनिकचे टप्पे फॅमिकॉममध्ये कोंबून त्यांत मारिओला पळवलेले. चोरीवर चोरी म्हणा हवे तर, पण आठ बिटांच्या यंत्रावर ते बसवणाऱ्याची कारागिरी नाकारता येत नाही. अशा कॅसेटींची अधिकृत नोंद कुठेच नाही. कॅसेट मेली की गेमही गेला, असे यांच्या बाबतीत खरोखर घडू शकते, आणि म्हणून जुनी, विचित्र मेनूची बूटलेग दिसली तर घ्यावी, तिचे फोटो काढावेत, आणि जमले तर आतला मजकूर संगणकावर उतरवून ठेवावा, असे माझे म्हणणे आहे.

नव्या बूटलेगला हा न्याय लागू नाही. जुनी पिवळी कॅसेट आपण अस्सल असल्याचा आव आणत नव्हती. गेम बॉय या निन्टेंडोच्या हातात धरायच्या कन्सोलच्या आज विकल्या जाणाऱ्या बनावट कॅसेटी तो आव आणण्यासाठीच बनवलेल्या असतात. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी पोकेमॉन एमराल्ड ‘वापरलेली, अस्सल’ म्हणून घेतली आणि भाच्याला दिली. त्याने अख्खी सुट्टी त्यात घातली, शेवटच्या चार प्रतिस्पर्ध्यांना हरवले, गेम सेव्ह केला, आणि दुसऱ्या दिवशी कन्सोल लावला तर सगळे कोरे. “मामा, तूच आणली होतीस ना?” एवढेच तो म्हणाला. तीनधारी पेचकसाने उघडल्यावर आत निन्टेंडोचे नाव नसलेली पट्टी निघाली. घेण्याआधीच तपासले असते तर कळले असते: अस्सल कॅसेटीच्या पिनांच्या फटीतून पाहिले की पट्टीवर निन्टेंडोचे नाव दिसते, पुढच्या लेबलवर दोन अंकी आकडा हलका दाबून उमटवलेला असतो, आणि एमराल्डच्या हिरव्या पारदर्शक कवचातून बॅटरी दिसते. सुरू करताना बॅटरी संपल्याची सूचना येणे हा पुरावा दोन्ही बाजूंनी लंगडा आहे. बनावटीत ती बहुतेकदा येते, नेहमीच नव्हे, आणि वीस वर्षे जुन्या अस्सल कॅसेटीतही बॅटरी संपलेली असू शकते. एमराल्डमध्ये ती केवळ घड्याळासाठी आहे, सेव्ह तिच्यावर अवलंबून नाही. पोकेमॉनच्याच गोल्ड आणि सिल्व्हर या आधीच्या गेमांत मात्र सेव्हही तिच्यावरच टिकते, म्हणून त्या जुन्या कॅसेटी घेताना सेव्ह उरते का हे समोर करून पाहावे.

होमब्रूकडे आपल्याकडचे लोक सहसा वळत नाहीत, कारण त्यात आठवण नसते. खेळायचेच असेल तर मात्र पैशाचा सर्वांत चांगला मोबदला येथे मिळतो. मॉर्फकॅट गेम्सचा मायक्रो मेजेस हा २०१९ चा गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे, म्हणजे मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या एका चित्रापेक्षाही लहान, आणि तो चौघांना एकत्र खेळता येतो. त्याच वर्षी बिटमॅप ब्युरोने मेगा ड्राइव्हसाठी काढलेला झेनो क्रायसिस त्या यंत्राच्या भरभराटीच्या काळातल्या गेमांच्या पंगतीत सहज बसेल. गेम बॉयसाठीचा टोबू टोबू गर्ल तर फुकट आहे आणि त्याचा कोडही खुला आहे. परदेशातून कॅसेट मागवली की टपाल आणि कस्टम मिळून खर्च वाढतो, हे खरे. पण यांतले कित्येक गेम नुसती फाइल म्हणूनही रीतसर मिळतात. ती एव्हरड्राइव्हसारख्या मेमरी कार्डाच्या कॅसेटीत टाकून खऱ्या कन्सोलवर चालवता येते.

शिवाय येथे स्वतः हात घालता येतो. जीबी स्टुडिओ हे मोफत साधन वापरून प्रोग्रामिंग न येणारा माणूसही गेम बॉयचा गेम बनवू शकतो. मी मराठी संवादांचा एक छोटा गेम करून पाहिला आणि पहिल्याच संध्याकाळी अडलो. या यंत्रांवर सगळे चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींनी बनते. इंग्रजी अक्षर त्यात आरामात मावते. देवनागरीत एक ओळ शिरोरेखा खाते, वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार, आणि ‘ळ’ काढायला गेलो तर ती दोन शून्यांसारखी दिसू लागली. शेवटी एका अक्षराला एकावर एक अशा दोन चौकटी दिल्या तेव्हा कुठे ‘चहा’ वाचता आला. असला छंद अस्सल कॅसेट कपाटात ठेवून लागत नाही.

कायद्याचे थोडक्यात. जुना गेम म्हणजे मोकळा गेम, हा समज चुकीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे संरक्षण या सगळ्या गेमांना अजून कित्येक वर्षे आहे. कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याला ती नष्ट होऊ नये म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा कलम ५२ देते, नेटवरून हजार गेम उतरवण्याची नाही. फुकट वाटलेल्या होमब्रूत हा प्रश्नच येत नाही.

काहीही घेतले तरी नागपूरचा उन्हाळा सगळ्यांना सारखाच छळतो. पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की लेबलांचा डिंक सुटतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आपण ज्या खोलीत कूलर लावतो त्याच खोलीत कॅसेटी ठेवतो. कूलरची दमट हवा पिनांवर हिरवट गंज चढवते. फुंकर मारल्याने कॅसेट चालते असे आपण सगळे मानत आलो. प्रत्यक्षात ती पुन्हा काढून घातल्याने चालते आणि तोंडातल्या ओलाव्याने गंज वाढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कानकोरणीचा कापूस पिनांवर फिरवावा, आणि कॅसेटी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात.

आता त्या तिघांचे. पहिल्याला वस्तू हातात घेऊन न्याहाळण्याची हौस आहे आणि महिन्याला थोडे पैसे बाजूला काढणे जमते. त्याला मी एव्ही फॅमिकॉम आणि वर्षाला दोन-तीन अस्सल कॅसेटी, एवढेच सांगितले. दुसऱ्याला मुलांबरोबर खेळायचे आहे. त्याला कॅसेटींच्या नादाला लागूच नको, एक मेमरी कार्डाची कॅसेट आणि चार होमब्रू गेम घे, असे सुचवले, आणि मायक्रो मेजेस त्याच्या घरी आता रोज चालतो. तिसरा माझ्यासारखाच. त्याला नव्वदच्या दशकातली बर्डीची (सीताबर्डीची) बाजारपेठ, भाड्याने आणलेली कॅसेट आणि ती मंद धून हवी आहे, म्हणून त्याला मी बाजारात जाऊच दिले नाही. नागपूरच्या महाल भागातल्या त्याच्या आत्याच्या घरी माळ्यावर एक क्लोन आणि पिशवीभर कॅसेटी असल्याचे त्याला आठवते. आत्या म्हणते, दिवाळीच्या साफसफाईआधी माळा उघडणार नाही.