सी लायब्ररीला बफर कुठला द्यायचा: क्रिएट_स्ट्रिंग_बफर की बाइटअ‍ॅरे?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या वजनकाट्याचं रीडिंग पायथनमध्ये घेणारा मित्र या दोन्हींत अडकलाय. काट्याची लायब्ररी सी भाषेतली, जोडणी सीटाइप्सची, म्हणजे पायथनमधून सीची फंक्शन्स बोलावणाऱ्या मॉड्यूलची. सीला निकाल लिहायला दिलेली मेमरीतली जागा म्हणजे बफर. क्रिएट_स्ट्रिंग_बफर हे सीटाइप्सचं फंक्शन, बाइटअ‍ॅरे हा पायथनचा बदलता येणारा बाइटांचा प्रकार.

लिहायला क्रिएट_स्ट्रिंग_बफर सोपा. 64 दिलं की शून्यांनी भरलेले 64 बाइट तयार. बाइटअ‍ॅरेला आधी (सी_चार * 64).फ्रॉम_बफर असं गुंडाळावं लागतं.

वाचताना फरक कळतो. पहिल्यात .व्हॅल्यू पहिल्या शून्य बाइटपाशीच थांबतं, म्हणजे बायनरी डेटा अर्धवटच मिळतो. .रॉ सगळं देतं, पण दरवेळी नवी कॉपी करून. बाइटअ‍ॅरेत मात्र सीने लिहिलेलं जागच्या जागी दिसतं. शिवाय फ्रॉम_बफरचा ऑब्जेक्ट जिवंत असेपर्यंत बाइटअ‍ॅरेचा आकार बदलायला गेलात तर बफरएरर येतो. सी वापरत असलेली जागा मधेच हलू नये म्हणून हा अडसर मला फार मोलाचा वाटतो.

सुरक्षिततेत दोन्ही सारखेच उघडे. सी हद्दीबाहेर लिहायला लागलं तर कोणीच अडवत नाही, म्हणून लांबी सोबत पाठवाच. लायब्ररी पॉइंटर (बफरचा मेमरीतला पत्ता) धरून ठेवत असेल तर बफर व्हेरिएबलमध्ये जपा. आणि जिथे सी लिहिणार आहे तिथे साधा बाइट्स, म्हणजे पायथनचा न बदलता येणारा प्रकार, कधीच देऊ नका.

काट्याच्या एका ओळीच्या मजकुराला क्रिएट_स्ट्रिंग_बफर घ्या. कॅमेऱ्याच्या फ्रेम किंवा सेन्सरचा अखंड डेटा असेल तर बाइटअ‍ॅरे.