११ महिने, १४ हजार किलोमीटर: सातारच्या घाटात मागच्या चाकांची गाडी

गेल्या दिवाळीत मी एक जुनी जर्मन सेदान घेतली. पाच वर्षं वापरलेली, ३८ हजार किलोमीटर चाललेली. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २५८ हॉर्सपॉवर, ४०० न्यूटन मीटर टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि ही सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. आज मीटरवर ५२ हजार आहेत. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाडीची माहिती कुठेही मिळते. मला सांगायचंय ते अशी गाडी चालवायला शिकताना काय काय झालं ते, आणि ते या ताकदीच्या कुठल्याही मागच्या चाकांच्या गाडीला लागू पडतं.

तसं बघितलं तर मागच्या चाकांची गाडी आपल्याकडे नवी नाही. ॲम्बॅसेडर, पद्मिनी, जीप, सुमो, बोलेरो, ओम्नी, सगळ्या मागच्याच चाकांवर पळणाऱ्या. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि घरोघरी पुढच्या चाकांची गाडी रुजली. पण ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आतली. तिनं मागची चाकं घसरवायची म्हटली तरी चिखल लागायचा. इथं मात्र अंगठ्याएवढा पाय दाबला तरी टायरची पकड सुटू शकते. माझी आधीची १२ वर्षं पुढच्या चाकांच्या हॅचबॅकवर गेलेली. मला वाटायचं, गाडी चालवायची ती चालवायची, त्यात पुढचं काय आणि मागचं काय.

पहिले सहा महिने या समजाला कुठे धक्काच लागला नाही. कोरडा रस्ता होता. खंबाटकीचा चढ ही गाडी अशी चढते की हॅचबॅकचे दिवस आठवून वाईट वाटावं. चढावर आणि रेस देताना वजन मागं जातं, मागची चाकं जमिनीत रुततात आणि गाडी पाठीतून ढकलल्यासारखी निघते. स्टेअरिंग हलकं आणि स्वच्छ लागतं, कारण पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम. या सहा महिन्यांत मी खूश होतो आणि काहीही शिकलो नव्हतो.

जूनच्या पहिल्या पावसात यवतेश्वर घाटात ते झालं. समर्थ मंदिराकडून वर चढत होतो, शेजारी बायको. पुढे एसटी रांगत होती. उजव्या हाताच्या आखूड वळणावर एसटी बाजूला थांबली, रस्ता मोकळा दिसला आणि मी स्टेअरिंग अजून सरळ झालेलं नसताना पाय दाबला. स्पोर्ट मोड चालू होता. अर्धा सेकंद काहीच नाही. गिअरबॉक्स दोन गिअर खाली आला, टर्बोनं हवा भरली आणि मग सगळी ताकद एकदम मागं पोहोचली. मागची बाजू डावीकडे निघाली. मी घाबरून पाय पूर्ण उचलला आणि ब्रेक मारला. गाडी डावीकडून सुटली ती उलट उजवीकडे आली. डॅशबोर्डवर स्थिरता यंत्रणेचा (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) पिवळा दिवा लुकलुकत होता, चाकांकडून करकर आवाज येत होता, आणि आम्ही रस्त्यात आडवे थांबलो. वरून उतरणारा एक मोटारसायकलवाला चाळीसेक फुटांवर पाय टेकवून उभा होता. तो काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. तो चेहरा मला अजून दिसतो.

कुणाला लागलं नाही, गाडीला ओरखडाही नाही. पण पुढचे आठ दिवस मी किल्ली हातात घेतली नाही.

सगळ्यात आधी टायर बघितले. नक्षी दिसायला शिल्लक होती म्हणून घेताना मी खोलात गेलो नव्हतो. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. माझ्या मागच्या टायरांवर होतं १४१९, म्हणजे २०१९ चा चौदावा आठवडा. रबर नखानं दाबलं तर दबत नव्हतं. नक्षी कायद्यानं १.६ मिलिमीटरपर्यंत चालते, पण ओल्या रस्त्यावर तेवढी फार कमी आहे आणि रबर दगड झालं असेल तर जास्त नक्षीचाही उपयोग नाही. चारही टायर नवे घातले. पैसे भरपूर गेले. जुनी गाडी घेताना जो सौदा होतो, त्यात टायरचे पैसे आधीच बाजूला काढा. यापुढे दोनच टायर बदलायची वेळ आली तर नवे मागं जातील, कारण पुढची पकड सुटली तर गाडी सरळ निघते आणि माणूस आपोआप वेग कमी करतो. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि फिरणारी गाडी सावरायला हात शिकलेले लागतात.

हात शिकवले आमच्या गल्लीतल्या नानांनी. नानांनी वीस वर्षं बामणोलीच्या रस्त्यावर वडापची जीप चालवली, म्हणजे जिथं माझी गाडी फिरली त्याच घाटात, त्याच पावसात, गाडीत मावतील त्याच्या दुप्पट माणसं घेऊन. झालेला प्रकार सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "पाय कसा उचललास?"

म्हटलं, "नाना, एकदम."

"मग गाडी फिरंल न्हाय तर काय. आरं, म्हागनं ढकलतीया ती. ढकलणारा एकदम हात काढून घील तर तू पडशील का न्हाय?"

मी तोपर्यंत चूक दाबण्यात शोधत होतो. नानांच्या मते निम्मी चूक उचलण्यात होती. पाय एकदम काढला की वजन पुढं धावतं, मागची चाकं हलकी होतात, आणि वळणात हलकी झालेली चाकं आधी सुटतात. वर ब्रेक मारला की ती आणखी हलकी. हे मी नंतर वाचूनही घेतलं, पण समजलं ते नानांच्या पुढच्या वाक्यानं. "आमच्या म्हागल्या फळीवर दोन माणसं लोंबकळत असायची. झटका दिला की ती खाली. म्हून पाय कवा झटक्यानं उचललाच न्हाय." तेव्हापासून गाडीत बसलो की मी मागच्या फळीवर दोन माणसं धरून चालतो. याहून चांगली युक्ती मला अजून कुणी सांगितलेली नाही.

सरावासाठी जागा मिळाली ती एका मित्राच्या मंगल कार्यालयाची. आषाढात देव झोपले की लग्नं बंद, आणि पार्किंगचं डांबरी मैदान कार्तिकापर्यंत रिकामं. चारी बाजूंनी मोकळं, ना खांब ना झाड, गेटला कुलूप. सलग पाच रविवार सकाळी आम्ही तिथं गेलो. सार्वजनिक रस्त्यावर, मग तो एमआयडीसीतला कितीही सुना रस्ता असू दे, हे प्रयोग करू नयेत. मी केले नाहीत आणि नाना करूही देणार नव्हते.

पहिला रविवार नुसता ब्रेकचा. पावसानं भिजलेल्या डांबरावर चाळिसाच्या वेगानं येऊन पूर्ण ताकदीनं ब्रेक. बारा वर्षं गाडी चालवून मी पूर्ण ब्रेक कधी मारलाच नव्हता. एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, पायाखाली येणारा थडथडाट पहिल्यांदा जाणवला तेव्हा मी घाबरून पाय सैल केला. तिसऱ्या खेपेला तो तसाच दाबून धरून स्टेअरिंगनं बाजूला काढायला जमलं.

दुसऱ्या रविवारी मधोमध प्लास्टिकचा ड्रम ठेवला आणि त्याच्याभोवती वीस-पंचवीसच्या वेगानं गोल. गाडीची स्थिरता यंत्रणा एका बटणानं सैल करता येते, पूर्ण बंद केली नाही. गोल फिरताना थोडी रेस वाढवली की गाडी आधी जराशी रुंद जाते, आणखी वाढवली की मागची बाजू निघते. आधी कमरेला कळतं, मग डोळ्यांना. हे कमरेचं कळणं हाच त्या पाच रविवारांचा खरा लाभ. मागची बाजू निघाली की जिकडे जायचंय तिकडे बघायचं, स्टेअरिंग त्या दिशेला न्यायचं, पाय हळू सैल करायचा, ब्रेकला हात लावायचा नाही, म्हणजे पाय लावायचा नाही.

यात एक गोष्ट मला कुणी सांगितलेली नव्हती आणि तीच यवतेश्वरला नडली होती. पकड परत येते तेव्हा स्टेअरिंग तेवढ्याच चपळाईनं सरळ करावं लागतं. नाही केलं तर गाडी दुसऱ्या बाजूला झेप घेते, आणि ती दुसरी घसर पहिलीपेक्षा जोरात असते. नाना याला म्हणायचे, "शेपूट धराय गेलं की दुसऱ्या अंगानं मारती." मला हे जमायला तीन रविवार लागले. पन्नासेक वेळा तरी गाडी पूर्ण गोल फिरली असेल. पंचविसाच्या वेगात, मोकळ्या मैदानात फिरलेल्या गाडीनं काही बिघडत नाही, टायर मात्र झिजतात. ती झीज मी आनंदानं सोसली.

आता रस्त्यावरचं. यवतेश्वर आणि पसरणी, दोन्ही घाटांत माझा नियम एकच झालाय: ब्रेक वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर संपवायचा, वळणात पाय स्थिर ठेवायचा, आणि स्टेअरिंग जेवढं सरळ होईल तेवढीच रेस वाढवायची. पावसात स्पोर्ट मोड नाहीच. साध्या मोडमध्ये ॲक्सिलरेटर मवाळ होतो आणि गिअरबॉक्स धसमुसळेपणा करत नाही. घाट चढताना मी स्टेअरिंगमागच्या पॅडलनं गिअर हातात घेतो, म्हणजे वळणाच्या मधोमध गाडी आपल्या मनानं दोन गिअर खाली येत नाही. उतरताना खालचा गिअर लावतो, पण तोही सरळ रस्त्यावर असतानाच. इंजिनचा ब्रेक या गाडीत फक्त मागच्या चाकांना लागतो. ओल्या वळणात एकदम गिअर पाडला तर तो हँडब्रेक ओढल्याच्या जातीचा झटका ठरू शकतो.

पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उतार लागतो आणि पुढं ते कुप्रसिद्ध एस वळण. तिथं झालेले अपघात सातारकरांना सांगायला नकोत. उतारावर गाडीचं वजन आधीच पुढं असतं, त्यात वळणात ब्रेक म्हणजे मागची बाजू अगदी हलकी. मी बोगद्यातच वेग उतरवून घेतो. मागून हॉर्न वाजतात, वाजू देत. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं, आणि ही गाडी वेग इतका गुपचूप घेते की मीटर बघेपर्यंत कळत नाही. साठ वाटतात तेव्हा नव्वद असतात. तिचा सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो, घसरण्यापेक्षाही.

साखरेचा हंगाम हा आपल्या भागाचा वेगळा धडा. भुईंजपासून शेंद्रेपर्यंत रात्री बिनदिव्यांच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, रस्त्यावर पडलेला ऊस, पाचट, शेतातून चाकांबरोबर आलेला चिखल. ओल्या पाचटावर रेस दिली की मागचं चाक क्षणभर गिरकी घेतंच. तिथं पाय स्थिर, स्टेअरिंग स्थिर आणि पुढच्यापासून भरपूर अंतर. मुसळधार पावसात क्रूझ कंट्रोलही बंद. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगले तर वेग राखायचा निर्णय यंत्राकडे नको, आपल्या पायाकडे हवा.

स्थिरता यंत्रणेबद्दल बरेच जण विचारतात की ती असताना एवढं शिकायचं कशाला. १९९५ मध्ये मर्सिडीजच्या गाडीत ही यंत्रणा पहिल्यांदा आली. ती एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावते, इंजिनची ताकद कापते, आणि तिनंच त्या दिवशी आम्हाला दरीच्या कठड्यापर्यंत जाऊ दिलं नाही. मी तिचा कायमचा ऋणी आहे. पण जमिनीला टेकलेले चार तळहाताएवढे तुकडे जेवढी पकड देतील तेवढीच ती वाटू शकते, नवी पकड तयार करू शकत नाही. पिवळा दिवा लुकलुकला की मी ती सूचना समजतो, आणि त्या दिवशी त्या रस्त्यावर वेग कमीच ठेवतो. गेल्या तीन महिन्यांत तो मला दोनदाच दिसला. दोन्ही वेळा साताऱ्यातल्या राजपथावरून निघताना, रंगवलेल्या ओल्या पट्ट्यावर.

बाकी वापराचं थोडक्यात. मायलेज गावात आणि घाटात ९, हायवेवर १३-१४. पोट खाली असल्यानं गावोगावचे गतिरोधक तिरके घ्यावे लागतात. स्टेपनी नाही, त्यामुळे कासकडे निघताना हवा भरायचा पंप सोबत ठेवतो. हवेचा दाब महिन्यातून दोनदा, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. मागची सीट आईला आवडते, उतरताना मात्र तिला हात द्यावा लागतो. नव्या मागच्या टायरांची नक्षी पुढच्यापेक्षा लवकर उतरतेय, मैदानाचा त्यात वाटा आहेच.

ही गाडी घ्यावी का, असं कुणी विचारलं तर मी आधी विचारतो की मोकळं मैदान आहे का आणि पाच रविवार आहेत का. असतील तर जरूर घ्या. नसतील तर तेवढ्याच पैशात पुढच्या चाकांची, कमी ताकदीची चांगली गाडी येते.

बायको त्या दिवसानंतर या गाडीच्या स्टेअरिंगवर बसली नव्हती. परवा तिनं स्वतःहून नानांना विचारलं. मंगल कार्यालयात तुळशीच्या लग्नानंतर गर्दी सुरू होईल, त्याआधी चार रविवार मिळताहेत. ड्रम तिथंच ठेवलाय.