काजूचा कारखाना की परदेशी कंपनी?

रत्नागिरीत एम.एस्सी.च्या वर्गात जागतिकीकरणाचा विषय काढा, निम्मी पोरं एन्रॉनपासूनच सुरुवात करतात. एन्रॉनचा दाभोळचा वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला आणि त्याच डिसेंबरात अमेरिकेतल्या मूळ कंपनीनं दिवाळं काढलं. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता. संध्याकाळी हीच पोरं लोटे-परशुरामच्या रासायनिक औद्योगिक वसाहतीतल्या परदेशी कंपन्यांत बायोडेटा पाठवतात. मला त्यात ढोंग दिसत नाही. मीही हेच केलं, फक्त दोन वर्षं उशिरा.

आधी गावाजवळच्या काजू कारखान्यात होतो. 'परक्याची चाकरी नको' हा तेव्हाचा बाणा. पहिल्याच आठवड्यात गोदामात पोती दिसली: आयव्हरी कोस्ट, टांझानिया. आपली काजूबी कारखान्याला वर्षभर पुरत नाही. तेव्हा जागतिकीकरण नको म्हणून कोणी काजूकडे वळत असेल, तर ते कारण तेवढं सोडून द्यावं.

काम मात्र तिथंच शिकलो. बी उकडण्यापासून दोनशे चाळीस, तीनशे वीसच्या (एका पौंडात बसणाऱ्या गरांच्या आकड्यावरून) प्रतवारीपर्यंत सगळं हाताखालून गेलं. दुपारी घरी जेवायला. आत्ताच्या कंपनीत मला एक रिअ‍ॅक्टर आणि एक लॉगबुक, एवढंच ठाऊक. शिफ्ट आहे, आणि रात्री साडेनवाला परदेशातून कॉल.

तरी काजूचा कारखाना सोडला, तो पगाराच्या स्लिपपायी. पगार पाकिटातून, कधी दहा तारखेला, कधी वीसला. नेमणुकीचं पत्र नाही, पीएफ नाही. मागावं तर शेठ म्हणायचे, "अरे, तुझ्या बाबांना मी लहानपणापासून ओळखतो, पगार काय पळून जातोय?" ओळखत होते, खोटं नाही; म्हणून तर दुसऱ्यांदा मागता येईना. मोटरसायकलच्या कर्जाला बँकेनं तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्या, तेव्हा बाबांना जामीन घेऊन गेलो. चोवीस वर्षांचा घोडा मी.

सगळेच कारखानदार असे नसतील. माझ्या वाट्याला हे आले. आणि कंपनीतही, आमच्या गेटमधून आत जाणारे निम्मे तरी ठेकेदाराच्या हजेरीवरचे आहेत. गावात तेही 'कंपनीत लागले' म्हणूनच सांगतात. त्यामुळे ऑफर लेटर आलं की पगाराचा आकडा नंतर बघा, आधी वरचं नाव वाचा. ठेकेदाराचं असेल, तर मी म्हणेन काजूच बरा. निदान दुपारी घरचं जेवण मिळतं.