सिंगापूर सिटी गॅलरी: पर्यटकांच्या यादीत नसलेली, पण असायलाच हवी अशी जागा

सिंगापूरला फिरायला येणारी आपली मंडळी मरीना बे बघतात, सेंटोसा करतात, लिटल इंडियात डोसा खातात आणि परत जातात. मॅक्सवेल रोडवरच्या यूआरए (सिंगापूरचं नगररचना प्राधिकरण) सेंटरमधल्या या गॅलरीचं नावही कुणी काढत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रवेश फुकट आहे, एसी आहे आणि मॅक्सवेल मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येतं. पण जायचं खरं कारण वेगळं आहे. वाढतं शहर आपल्या पुढच्या पन्नास वर्षांचा विचार सामान्य माणसापुढे कसा मांडतं, ते इथे बघायला मिळतं.

मी पुण्यात आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग करायचे, त्यामुळे नकाशे आणि मॉडेल्स दिसली की माझे पाय थांबतात. इथलं मध्यवर्ती भागाचं मॉडेल एका मोठ्या खोलीएवढं आहे. त्यावर दिव्यांचा आणि आवाजाचा एक छोटा कार्यक्रम होतो, तो चुकवू नका. माझे सासरे पुण्याहून आले होते, त्यांना मी मुद्दाम इथे आणलं. आयुष्यभर नगरपालिकेत नोकरी केलेला माणूस. मॉडेलभोवती एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "सूनबाई, यात आपलं घर कुठंय?"

प्रश्न अगदी नेमका होता. आम्ही राहतो क्लेमेंटीला, आणि मोठं मॉडेल फक्त मध्यवर्ती भागाचं आहे. सिंगापूरची बहुसंख्य माणसं एचडीबीच्या, म्हणजे सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या, वसाहतींत राहतात, त्यांच्या वाट्याला अख्ख्या बेटाचं दुसरं, बरंच लहान मॉडेल येतं. आमचा भाग त्यात सापडला, पण बिल्डिंग ओळखण्याइतका मोठा नव्हता. पाच ताऱ्यांतला माझा अर्धा तारा इथे कमी होतो. माणूस आधी आपलं घर शोधतो. ते दिसलं, की शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर काय येणार हे विचारायला तो आपणहून पुढे होतो.

इतिहासाचा भाग मात्र शांतपणे बघा. १९७१ साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने पहिला 'कन्सेप्ट प्लॅन' झाला. चांगीचा विमानतळ १९८१ मध्ये सुरू झाला आणि मेट्रो १९८७ मध्ये, पण दोन्हींचा विचार त्या आराखड्यात आधीच झालेला होता. सगळा देश जेमतेम ७३५ चौरस किलोमीटरचा आहे. त्यात घरं, बंदर, लष्कर, पाण्याची तळी सगळं बसवायचं, म्हणून इतका लांबचा विचार. दर पाच वर्षांनी 'मास्टर प्लॅन'ची उजळणी होते, त्यात पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कुठल्या जमिनीवर काय होणार ते ठरतं. तो नकाशा घरबसल्या ऑनलाइन बघता येतो. प्रत्येक प्लॉटचा वापर आणि प्लॉट रेशो, म्हणजे आपला एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येतं ते), कुणालाही दिसतो. यासाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही, हे सासऱ्यांना दोनदा सांगावं लागलं.

आता लोकांना विचारण्याबद्दल. २०२१-२२ मध्ये पुढच्या पन्नास वर्षांच्या आराखड्यासाठी इथे १५ हजारांहून अधिक लोकांची मतं घेतली. त्याचा उपयोग झाला का? आमच्याच भागातली दोन उदाहरणं देते. मलेशियाच्या रेल्वेची जमीन २०११ मध्ये सिंगापूरकडे परत आली, तेव्हा निसर्गप्रेमींनी रूळांची सगळी पट्टी हिरवी ठेवण्याची मागणी लावून धरली होती. आज तिथे २४ किलोमीटरचा रेल कॉरिडॉर आहे, आम्ही त्यावर चालायला जातो. दुसरं, डोव्हरचं रान. नकाशावर ती जागा 'निवासी' होती. घरं बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा लोकांनी भरभरून लिहिलं, आणि २०२१ मध्ये ठरलं की पूर्वेकडे घरं होतील, पश्चिमेकडचा भाग तूर्त राखायचा.

पण बुकिट ब्राउनच्या जुन्या चिनी दफनभूमीचं तसं झालं नाही. विरोध झाला, चर्चा झाली, तरी आठ पदरी रस्ता झाला आणि तीन हजारांहून जास्त कबरी हलवल्या गेल्या. ओढ्यावरून पूल बांधून तेवढा तुकडा मोकळा ठेवला, इतकाच बदल. माझ्या मते अशा गोष्टींनाही गॅलरीत एक ठसठशीत भिंत मिळायला हवी: लोकांनी काय मागितलं, काय मान्य झालं, काय नाही आणि का. सूचना देणाऱ्याला उत्तर मिळालं तरच तो पुढच्या वेळी पुन्हा लिहितो.

सासरे बाहेर पडताना मुंबईबद्दल बोलत होते. २०१५ च्या विकास आराखड्याच्या मसुद्यात इतक्या चुका निघाल्या की एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो नव्याने करायला सांगितला. त्या चुका काढल्या त्या नागरिकांनी, नकाशे वाचून. एवढ्या मोठ्या शहराला कायमचं असं एक दालन हवं, जिथे वॉर्डावॉर्डातली माणसं येऊन आपली गल्ली बघतील, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटतं.

जाणाऱ्यांसाठी: रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गॅलरी बंद असते. दोन तास हाताशी ठेवा, मुलांना जरूर न्या. नव्या मास्टर प्लॅनच्या मसुद्याचं प्रदर्शन लागलेलं असेल तर तेव्हाच जा, कारण त्या वेळी दिलेली सूचना आराखडा पक्का होण्याआधी पोचते. जेवायला समोरच मॅक्सवेल फूड सेंटर आहे. शाकाहारी असाल तर स्टॉलवर आधी विचारून घ्या. पाचपैकी साडेचार तारे.