वसईचा किल्ला: चर्चच्या आधी तट बघा

वसईच्या किल्ल्यात येणारी बहुतेक मंडळी थेट चर्चच्या कमानी गाठतात, फोटो काढतात आणि बंदरावर चहा पिऊन परत फिरतात. म्हणजे किल्ला बघायचा राहूनच जातो. आवार सुमारे 110 एकरांचं आहे, त्यामुळे निदान तीन तास हाताशी ठेवा. तिकीट नाही.

वसई रोड स्टेशनहून (पश्चिम) बस किंवा रिक्षा मिळते. अंतर सात-आठ किलोमीटर. शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊ नका, भुई दरवाजाजवळ उतरा. गाड्यांचा रस्ता दरवाजाला बगल देऊन आत शिरतो, म्हणून बसमधून तो ध्यानातही येत नाही. इथे एकापाठोपाठ दोन दारं आहेत, पण समोरासमोर नाहीत. मध्ये वळावं लागतं, आणि वळताना शत्रू तटावरच्यांच्या माऱ्यात सापडतो.

मग तटाच्या बाहेरून चाला. डोंगरी किल्ल्यांवरच्या गोल बुरुजांची सवय असलेल्यांनी इथले टोकदार बुरुज नीट निरखावेत. गोल बुरुजाच्या पायथ्याशी आडोसा मिळतो. इथे शेजारच्या बुरुजावरून तटाचा पायथा सरळ रेषेत माऱ्याखाली येतो. असे दहा बुरुज आहेत. तीन बाजूंना पाणी आणि दलदल, म्हणजे हल्ला जमिनीकडूनच होणार. मराठ्यांनी सुरुंगही इकडेच लावले. सेंट सेबॅस्टियन बुरुजाला खिंडार पडलं आणि मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला.

आत गेल्यावर बालेकिल्ल्याच्या दारावर मान वर करा: पोर्तुगीज राजचिन्ह आणि कड्याकड्यांचा खगोल (आकाशगोलाची प्रतिकृती) अजून ओळखू येतात. फ्रान्सिस्कन (एका ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या) चर्चची जमीन मात्र गुडघे टेकून बघण्यासारखी. थडग्यांच्या शिळांवर घराण्यांची चिन्हं आणि पोर्तुगीज अक्षरं आहेत, पण दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात कोरीव काम सपाट दिसतं. सकाळी लवकर जा, किंवा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. अक्षरं उठून येतात. खडू फासू नका, पाणी ओतू नका. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातला जिना अंधारा आणि झिजलेला आहे. मुलं सोबत असतील तर खालूनच बघा.

तटबंदीला पाचपैकी साडेचार, माहितीफलकांना जेमतेम दोन. कुठली वास्तू कुठली हे कळायला नकाशा सोबत हवाच. रविवारी लग्नाआधीच्या फोटोशूटवाल्यांची एवढी गर्दी असते की एखादी कमान रिकामी दिसणं मुश्कील. शक्यतो आडवारी जा.

पावसाळ्यात तटावर चढू नका. वड-पिंपळाच्या मुळांनी चुन्याचे सांधे उघडे पडलेत, वर शेवाळ, आणि गवतात दगड कुठला हलतो ते दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. परतताना बंदर दरवाजातून बाहेर पडून जेट्टीवरून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीने) भाईंदरला जाता येतं. फेरीची वेळ आधी विचारून घ्या.