धाराशिवचे उन्हाळी खो-खो शिबिर : स्वयंसेवक प्रशिक्षकाचा अभिप्राय

धाराशिवमधील एका क्रीडा मंडळाच्या विनामूल्य उन्हाळी खो-खो शिबिरात मी यंदा स्वयंसेवक प्रशिक्षक म्हणून काम केले. हा अभिप्राय पालकांपेक्षा तेथे शिकवायला जाऊ इच्छिणाऱ्या जुन्या खेळाडूंसाठी अधिक आहे.

वेळेचे नियोजन ही या शिबिराची सर्वांत जमेची बाजू आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी सहज ओलांडतो, हे ध्यानात घेऊन सराव पहाटे सुरू होतो आणि ऊन तापायच्या आत संपतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यामुळे मैदानावर तांबडी माती पसरून आदल्या संध्याकाळी पाणी मारले जाते आणि फक्कीच्या रेघाही रोज नव्याने आखल्या जातात. नाश्त्याला सुशीला (चुरमुऱ्यांचा पदार्थ) मिळतो. मानधन मिळत नाही, मात्र ते आधीच स्पष्ट सांगितले जाते.

खरी अडचण गटाच्या आकाराची आहे. खो-खोत एका वेळी आठ जण पाटीवर, म्हणजे मधल्या पट्ट्यातील चौकोनांत, बसतात, एक जण पाठलाग करतो आणि संरक्षकांची तिघांची तुकडी आत असते. म्हणजे एका मैदानावर बारा मुले खेळतात. माझ्याकडे चाळीसच्या आसपास मुले सोपवली होती, त्यामुळे उरलेली कडेला बसून कंटाळत आणि मग एकमेकांच्या खोड्या काढत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला खो मिळण्याआधी उठायचे नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही, एवढे अंगवळणी पाडायलाच पुष्कळ आवर्तने लागतात. ती आवर्तने इतक्या गर्दीत कशी मिळणार? त्यातच काही पालक खांबावरची झेप लवकर शिकवण्याचा आग्रह धरतात. मॅट नसताना लहान मुलांना ती शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रथमोपचार पेटीत पट्ट्या आणि मलम होते, बर्फ मात्र नव्हता.

मुलींची संख्या लक्षणीय आहे, आणि खो-खोपटू सारिका काळे यांना 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळालेल्या या जिल्ह्यात त्याचे नवल वाटू नये. मुलींच्या गटासोबत एक प्रशिक्षिका कायम असते, ही व्यवस्था मला विशेष आवडली. पालकांचा नेहमीचा प्रश्न प्रमाणपत्राचा असतो. शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षण त्यांच्या मनात असते. शिबिरातील हजेरीने ते मिळत नाही, त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरी लागते, हे आयोजकांनी नोंदणीच्या वेळीच सांगितले, तर प्रशिक्षकांची रोजची डोकेदुखी वाचेल.

नियमांची उजळणी करून आणि शिट्टी सोबत घेऊनच जावे, कारण तेथे नव्या स्वयंसेवकाला कोणी काही समजावून सांगत नाही. आपल्याकडे किती मुले येणार, हे मात्र होकार देण्यापूर्वी विचारून घ्यावे. पुढच्या वर्षी दुसरे मैदान आखले जाणार असेल, तर मी पुन्हा नाव देईन.